नाणं घडतानाच बिघडलं की नंतर?



इथे आपण एरवी साखर, रक्तदाब, थायरॉइड, डेंग्यू अशा विषयांवर बोलतो. आज नाण्यांबद्दल बोलणार आहे. डॉक्टरांचा विषय चुकला असं वाटेल, पण चुकलेला नाही. एका नाण्यापायी माझ्या एका पेशंटचं इन्सुलिन दोन महिने बंद होतं, म्हणून हा लेख.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पेशंट जुने, साठीच्या पुढचे. सारं आयुष्य राईस मिलमध्ये गेलेलं. मधुमेह बारा वर्षांचा, पण माणूस शिस्तीचा, त्यामुळे साखर कधी फार हलायची नाही. त्या दिवशी उपाशीपोटीची साखर २८० च्या वर. "इन्सुलिन नीट घेता ना भाऊ?" विचारलं, तर "हो जी" म्हणून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले. बायकोला राहवलं नाही. "कुठचं घेतात जी डॉक्टरसाहेब! दोन महिने झाले. सारा पैसा त्या नाण्यात गेला."

मग शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी निघाली. आत एक रुपयाचं नाणं. नेहमीपेक्षा मोठं, पातळ, जरा लांबट. नातवाला सापडलेलं. टाकसाळीत चुकून बिघडलेली नाणी लाखांना जातात, असं पुतण्याने मोबाईलवर पाहिलं होतं. त्याने फोटो पाठवला. पलीकडून फोन आला : तीन लाख देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा. भरले. मग जीएसटी भरा म्हणाले. तोही भरला. आता 'रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे' म्हणून साडेअकरा हजार मागत होते, आणि ते कुठून उभे करायचे या विचारात भाऊंची झोप उडाली होती.

"तुम्हालाही नाण्यांचा नाद आहे म्हणतात. पाहा बरं, खरं आहे का हे?"

नाद आहे खरा. घरी बिस्किटांच्या दोन डब्यांत माझी नाणी आहेत, आणि टेबलाच्या खणात दहापट मोठं दाखवणारं भिंग. मी सराफ नाही, नाण्यांचा तज्ज्ञही नाही. पण नाणं तपासताना जो प्रश्न विचारायचा, तोच मी रोज पेशंट तपासताना विचारतो : हे घडतानाच असं झालं, की घडल्यानंतर? या एका प्रश्नाचं उत्तर चुकलं तर नाण्यात पैसा जातो. दवाखान्यात त्याहून जास्त जातं. तेही पुढे सांगतो.

आधी टाकसाळ समजून घेऊ

शरीर निरोगी असताना कसं चालतं हे माहीत नसेल तर आजार ओळखता येत नाही. नाण्याचंही तसंच. आपल्याकडे मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टाकसाळी आहेत. कोणतंही नाणं हातात घेऊन सालाच्या खाली पाहा. हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. 'खूण छापायची राहिली, म्हणजे दुर्मीळ नाणं' असं सांगून कोणी पैसे मागितले तर हे लक्षात ठेवा.

नाणं कसं घडतं? धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात, आपण पोळीतून वाटीने पुऱ्या कापतो तशा. चकत्या तापवून मऊ करतात, धुतात, मग त्यांची कड दाबून किनार उंच करतात. शेवटी कोरी चकती एका कड्यात बसते. वर एक ठसा, खाली एक ठसा, आणि प्रचंड दाबाखाली दोन्ही बाजू एकाच ठोक्यात उमटतात. कड्यामुळे धातू बाहेर पसरत नाही आणि नाणं नेमक्या मापाचं होतं.

एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे. टाकसाळीतली चूक यातल्या कोणत्या तरी पायरीवर बोट ठेवून समजावून सांगता आली पाहिजे. ज्या बिघाडाला अशी पायरीच सापडत नाही, तो बहुतेक वेळा बाहेरच झालेला असतो.

टाकसाळीतल्या चुका कशा दिसतात

चकती कापताना पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर नवी चकती आधीच्या भोकावर थोडी चढते आणि तिचा चंद्रकोरीएवढा तुकडा कमी पडतो. अशा नाण्याला चावा घेतल्यासारखी गोल खाच असते. पण खरी ओळख त्या खाचेत नाही, तिच्या बरोब्बर समोरच्या कडेला आहे. किनार उंच करताना खाचेच्या जागी दाब मिळत नाही, म्हणून समोरची किनारही बसकी राहते. शिवाय खाचेजवळची अक्षरं फिकी होत, ओढल्यासारखी दिसतात, कारण ठोका बसताना धातू त्या मोकळ्या जागेकडे वाहतो. कानसीने घासून केलेल्या खाचेत यातलं काही नसतं. अक्षर सुरीने कापल्यासारखं मध्येच थांबतं आणि समोरची किनार ठणठणीत असते.

चकती ठशाखाली नीट बसली नाही तर चित्र एका बाजूला सरकतं. दुसरीकडे कोरी जागा उरते, पण धातू कुठे गेलेला नसतो, म्हणून वजन पूर्ण भरतं. कडं जागेवर नसेल तर धातू चहूबाजूंनी पसरतो. असं नाणं मोठं होतं, कड सपाट राहते, पण मधलं चित्र स्वच्छ असतं. हे नाणं लक्षात ठेवा, भाऊंच्या रुपयाशी त्याचा संबंध आहे.

ठशालाच तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. ठशाच्या कडेचा तुकडाच उडाला तर तिथे नाण्यावर धातूचा गोळा दिसतो. म्हणून भिंगाखाली पाहण्याचा पहिला नियम असा : उंच उठलेली रेघ बहुधा ठशाची, खोल गेलेली रेघ बहुधा नंतरच्या ओरखड्याची. 'बहुधा' म्हणतो, कारण ठशात तेल किंवा चिंधी अडकली तर टाकसाळीतही खोलगट डाग पडतो किंवा अक्षरं बुजतात. अपवाद आमच्या शास्त्रातही असतात.

कधी एक नाणं ठशालाच चिकटून बसतं. पुढची चकती आली की ठशाऐवजी ते नाणंच तिच्यावर दाबलं जातं, आणि त्या बाजूला तेच चित्र उलटं आणि खोल उमटतं, आरशात पाहिल्यासारखं. याची नक्कल करायला लोक दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात दाबतात. नक्कल ओळखायची कशी? अस्सल नाण्याच्या त्या बाजूला मूळ सरळ चित्राचा मागमूस नसतो. नकलेत उलट्या अक्षरांखाली आधीची सरळ अक्षरं चेपलेली सापडतात.

आणखी एक चूक घरबसल्या तपासता येते. आपलं नाणं वर-खाली दोन बोटांत धरून डावीकडून उजवीकडे फिरवा. मागची बाजूही सरळ उभी दिसते. ठसा यंत्रात सैल होऊन फिरला असेल तर ती तिरकी किंवा चक्क उलटी दिसते. घडलेल्या एकसंध नाण्यात बाहेर कोणी हे करू शकत नाही, म्हणून ही चूक बऱ्यापैकी विश्वासाची.

नंतरचं नुकसान

दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं घ्या. मधली चकती आणि बाहेरचं कडं एकाच ठोक्यात छापलं जातं आणि त्याच ठोक्यात एकमेकांत घट्ट बसतं. आता कोणी असं नाणं दाखवलं की मधला सिंहस्तंभ तिरका आहे आणि कड्यावरचं 'भारत' सरळ आहे, तर ते टाकसाळीत होणं शक्य नाही. मधला भाग कोणीतरी ठोकून काढलाय आणि पुन्हा बसवलाय.

दोन्हीकडे छापाच असलेलं नाणं? टाकसाळीत दोन वेगळे ठसे असतात. जादूगारांकडे मिळणारी अशी नाणी दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली असतात. किनारीच्या आतल्या बाजूला नखाला सांधा लागतो आणि फरशीवर टाकलं तर खणखणीत न वाजता बद्द वाजतं.

पांढऱ्या नाण्याचं पिवळं झालं, तर मुलामा पाहा. काळं-निळं झालं, तर ते कधी आरतीच्या ताटात, कधी चुलीत तापलेलं असतं. तिरोडा सोडून गाडी तुमसर रोडकडे निघाली आणि वैनगंगेचा पूल आला की डब्यातली अर्धी माणसं खिडकीतून नाणं टाकून हात जोडतात. नदीतून वर आलेल्या अशा नाण्यांवर खड्डे पडलेले असतात. नदीने वर्षानुवर्षं चाटलेलं ते नाणं. त्यात टाकसाळीचा काही हात नाही.

जुन्या नाण्यांचा न्याय वेगळा

एक सावधगिरी. आजच्या नाण्याची फूटपट्टी जुन्या नाण्याला लावू नका. आजीच्या पेटीत शिवराई सापडली आणि तिच्यावर 'श्री राजा शिव' पूर्ण दिसत नसेल, मागचं 'छत्रपति' अर्धंच असेल, तर ती चूक नव्हे. तांब्याच्या ओबडधोबड तुकड्यावर हाताने घण मारून ती घडायची. ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा असायचा, मग सगळी अक्षरं मावणार कुठून? त्या काळच्या नाण्याची ती प्रकृतीच आहे. नव्वदीतल्या आजोबांच्या एक्स-रेला तरुणाच्या एक्स-रेचं माप लावून घाबरू नये, तसंच.

जुन्या चांदीच्या रुपयांवर कधी बारीक ठोकलेल्या खुणा दिसतात. चांदी खरी आहे का हे पाहायला सराफांनी त्या केलेल्या असतात. आपल्या भागात रुपयांची माळ घालायची रीत होती, त्या रुपयांना वर डाग देऊन कडी लावल्याची जागा राहते. हे सगळं नंतरचं, पण प्रत्येक नंतरची खूण म्हणजे वाईटच असं नाही. तुमच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या लसीचा व्रण असेल, तोही नंतरचाच आहे.

घरच्या घरी तपासणी

मी पेशंट ज्या क्रमाने तपासतो, त्याच क्रमाने नाणं तपासायला सांगतो.

१. विचारपूस. नाणं कुठे सापडलं, कोणाकडून आलं, आधी कसं दिसत होतं? हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं.

२. जोडीदार. त्याच किमतीचं, त्याच काळातलं एक साधं नाणं शेजारी ठेवा. निरोगी माहीत असेल तरच रोगी कळतो.

३. वजन आणि चुंबक. सराफी काट्यावर वजन करा. उदाहरणार्थ, १९९२ नंतरचा स्टीलचा मोठा रुपया ४.८५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटर. तो चुंबकाला चिकटतो. त्याच काळातले दोनाचे आणि पाचाचे तांबे-निकेलचे नाणे चिकटत नाही. वजन कमी भरलं तर धातू गेलाय. कुठे गेला ते शोधा.

४. भिंग आणि तिरपा उजेड. दिवा डोक्यावर नको, बाजूला धरा. उंच काय, खोल काय, ते सावलीत लगेच कळतं. कानशीचे समांतर ओरखडे, हातोडीचे चपटे डाग, शिकंज्याच्या दातांच्या खुणा शोधा.

५. दुसरी बाजू. नाणं दोन ठशांच्या मध्ये घडतं, म्हणून ठोक्याच्या वेळी झालेल्या चुकीची साक्ष बहुधा दोन्ही बाजूंना मिळते. एकाच बाजूला मार, दुसरी बाजू जशीच्या तशी, असं असेल तर संशय घ्या.

आणि एका तपासणीवर निकाल देऊ नका. का, ते भाऊंच्या नाण्याने शिकवलं.

त्या रुपयाचं निदान

आमच्या शेजारच्या सराफाकडे नाणं वजन केलं. ४.८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पूर्ण. चुंबकाला चिकटलं. आकाराने मोठं, कड सपाट. भाऊंचा चेहरा उजळला. एवढ्यावर थांबलो असतो तर 'कड्याशिवाय छापलेलं नाणं' असा निकाल मीही देऊन बसलो असतो.

मग भिंग लावलं. कड्याशिवाय छापलेल्या नाण्याचं मधलं चित्र स्वच्छ असायला हवं. इथे मधलं चित्रच पुसलेलं होतं. आणि अक्षरं सगळ्या बाजूंनी सारखी पसरायला हवीत. इथे ती एकाच दिशेला ताणलेली होती, लाटण्याने एकाच बाजूला लाटलेल्या पोळीसारखी.

मी नातवाला जवळ बोलावलं. "कुठे सापडलं रे?"

"रुळाच्या बाजूला. गिट्टीत."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी लहान असताना आमच्याकडे छोट्या लाईनीची गाडी होती. आम्ही पोरं ॲल्युमिनियमचं पाच पैशाचं चौकोनी नाणं रुळावर ठेवून बाजूला दडी मारायचो. गाडी गेली की पातळ, गरम पत्रा हाती लागायचा. धातू कुठे गेलेला नसायचा, म्हणून वजन तेवढंच. अशी नाणी मी स्वतः केलेली आहेत. (हा खेळ जिवावरचा होता. आज कोणा पोराला करताना पाहिलंत तर कान धरून घरी आणा.)

निदान झालं. तीन लाखांच्या नाण्याचं सारं उत्तर नातवाच्या एका वाक्यात होतं, आणि दोन महिन्यांत ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मीही एकदा विचारलं नव्हतं

भाऊंना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. हीच चूक मी दवाखान्यात केलेली आहे.

प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी आली. पांढुरकी, थकलेली, हातपाय दुखतात म्हणायची. हिमोग्लोबिन ७. आपल्याकडे अशा मुली रोज येतात. पाळी सुरू झालेली, जेवण बेताचं, पोटात जंत. मी मनात निकाल लावून टाकला : लोह कमी आहे. जंताचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. महिन्याने हिमोग्लोबिन तेवढंच. गोळ्या नीट घेत नसेल, असं समजून आईला दोन शब्द सुनावले. गोळी बदलली. पुन्हा तेवढंच. पाच महिने असे गेले. हातपायांचं दुखणं 'वाढीच्या वयाचं' म्हणून मी झटकून टाकलं होतं.

एका ज्येष्ठ डॉक्टरांशी सहज बोलणं झालं. ते एवढंच म्हणाले, "सिकलिंग केलंस का?"

केलं नव्हतं. केलं, आणि पुढच्या तपासणीत 'एसएस' आलं. सिकलसेल.

लोहाच्या कमतरतेत टाकसाळ ठीक असते, कच्चा माल कमी पडतो. म्हणून रक्तपेशी लहान आणि फिकी होते. माल पुरवला की काम सुरळीत. सिकलसेलमध्ये ठशातच फरक असतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढासाच बदल, पण ऑक्सिजन कमी झाला की ते हिमोग्लोबिन आत एकमेकाला चिकटतं आणि गोल पेशी धान कापायच्या विळ्यासारखी वाकडी होते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही साधारण १० ते २० दिवस. वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात, म्हणून ते हाडांचं दुखणं. अशा ठिकाणी लोहाच्या गोळ्या ओतून काय होणार? (सिकलसेलच्या पेशंटलाही लोह कमी पडू शकतं. पण ते तपासून द्यायचं असतं, अंदाजाने नाही.)

मला सर्वांत जास्त बोचलं ते वेगळंच. जुना केसपेपर काढला. पहिल्याच दिवशी आईने सांगितलेलं वाक्य माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'लहानपणापासून अशीच. सहा-सात महिन्यांची असताना हातापायांना सूज.' बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते पहिले काही महिने सांभाळून घेतं. ते कमी झालं की सिकलसेल डोकं वर काढतो, आणि हातापायांना सूज हे त्याचं नेहमीचं पहिलं लक्षण. हे घडतानाचं आहे, नंतरचं नाही, असं त्या माउलीने मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी लिहून घेतलं आणि ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट तिने नंतर सांगितली. गरोदरपणी काहीबाही खाल्लं म्हणून पोरगी अशी झाली, असं सासरचे तिला चौदा वर्षं ऐकवत होते. मी नवराबायको दोघांची तपासणी केली. दोघेही 'एएस', म्हणजे वाहक. स्वतः धडधाकट. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकलसेल असण्याची शक्यता २५ टक्के. तिचं खाणं-पिणं, तिची पापं, कोणाची नजर, कशाचाच संबंध नाही. हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ रडली. घडतानाचं की नंतरचं, हा प्रश्न गोळी ठरवतो. घरात दोष कोणाच्या माथी मारला जाईल हेही तोच ठरवतो.

नाण्याची उपमा इथेच थांबवतो. टाकसाळीत चुकलेलं नाणं चुकीचं नाणं असतं. सिकलसेल असलेलं मूल चुकीचं मूल नसतं. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, लसी, भरपूर पाणी आणि वेळेवर तपासणी यांवर अशी मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. ती मुलगीही आज आई आहे, आणि तिने लग्नाआधी मुलाची तपासणी मागितली होती.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल बराच आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं आहे. तुमच्या गावात तपासणी असेल तर जा. पहिली साधी चाचणी फक्त 'आहे किंवा नाही' एवढंच सांगते. वाहक की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने कळतं. लोहाच्या गोळ्या महिना-दीड महिना नीट घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर गोळी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा : हे दुसरं काही असेल का?

रक्ताच्या नमुन्याचंही नंतर नुकसान होतं बरं का. सुईतून जोरात ओढलं, बाटली उन्हात राहिली, तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम उगाच जास्त दिसतं. बिघाड तुमच्यात नसतो, बाटलीत झालेला असतो. म्हणून एखादा आकडा अवचित वेडावाकडा आला तर डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. त्यामागे पैसे काढायचा हेतू नसतो.

खिसा आणि तब्येत, दोन्ही सांभाळा

जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमचा काही संबंध नाही आणि त्यासाठी आम्ही कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा ग्राहक नसतो. पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जेवढा उशीर, तेवढी परत मिळायची आशा कमी.

नाणं ॲसिडने चमकवू नका. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो आणि छातीत जातो. वर नाण्याची असलेली किंमतही जाते, कारण संग्राहकाला मूळ रंग हवा असतो.

लहान मुलाने नाणं गिळलं तर केळी किंवा भाताचे गोळे खायला घालून ढकलू नका. दवाखान्यात आणून एक्स-रे काढा. नाण्यासारखी दिसणारी गोल बटण बॅटरी गिळली असेल, तर ती काही तासांत अन्ननलिका जाळते. तिथे मिनिटाचाही वेळ घालवू नका.

आणि नाणं खरोखर चुकीचं वाटत असेल, तर एखाद्या जुन्या संग्राहकाला प्रत्यक्ष हातात देऊन दाखवा. फोटोवर निदान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो नाण्याचा असो की आजाराचा. नागपूरला जाणं झालं तर अजब बंगल्यातली नाणी पोरांना दाखवा. अस्सल पाहून पाहूनच डोळा तयार होतो.

भाऊंना मी सगळं समजावलं. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे याची किंमत एक रुपया?"

"आता दुकानदार एक रुपयाही देणार नाही, भाऊ."

ते हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा, असं बायको म्हणाली. त्याच दिवशी इन्सुलिन पुन्हा सुरू झालं. १९३० वर फोन लावून दिला. गेलेले पैसे अजून मिळालेले नाहीत, तिसरे साडेअकरा हजार मात्र वाचले. साखर आटोक्यात यायला सहा आठवडे लागले.

नाणं त्यांनी नातवाला परत दिलं नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात भिंगाशेजारी ठेवून गेले. कधी एखादा रिपोर्ट पाहून हात घाईने गोळी लिहायला जातो, तेव्हा मी खण उघडतो, ते नाणं पाहतो, आणि समोरच्या माणसाला विचारतो, "हे कधीपासून आहे?"

तुम्हीही डॉक्टरकडे जाल तेव्हा या एका प्रश्नाचं उत्तर घरून आठवून जा. आणि डॉक्टरने विचारलं नाही, तर आपणहून सांगा. दोनदा सांगा.

काळजी घ्या.